गाडीतला वास घालवायच्या वस्तू: कोणती लागू पडते, कोणती नुसती दरवळते

अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात ‘गाडीत वास येतोय’ म्हणून गेलं, की ‘कसला वास?’ असं सहसा कोणी विचारत नाही. थेट परफ्यूमचा ट्रे पुढे येतो. खरं तर निम्मं निदान त्या एका प्रश्नात असतं, आणि त्यासाठी मराठीत शब्दांची ददात नाही. कुबट म्हणजे ओल आणि बुरशी. आंबूस म्हणजे सांडलेलं दूध, नाहीतर एसीच्या कूलिंग कॉइलवर साचलेली बुळबुळ. वशट म्हणजे मासळी. खवट म्हणजे तेल-तूप. करपट म्हणजे क्लच, ब्रेक किंवा वायर. गोडसर म्हणजे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. शब्द पक्का झाला की बाजारातल्या सात-आठ प्रकारच्या मालापैकी काय घ्यायचं आणि काय दुकानातच ठेवायचं, हे बरंचसं ठरून जातं.

तेव्हा आधी शोध, मग खरेदी. रोज गाडी चालवणाऱ्याच्या नाकाला वासाची सवय झालेली असते, म्हणून हे काम त्या गाडीत कधी न बसलेल्या माणसाला सांगावं. परफ्यूम, जेलचे डबे, डॅशबोर्डवरची सुकलेली फुलं, सगळं आदल्या दिवशी बाहेर काढायचं. गाडी काचा लावून दोन तास उन्हात ठेवायची. मग एकेक दार उघडून प्रत्येक वेळी खाली वाकून वास घ्यायचा: आधी पायाशी, मग सीटवर, मग छताला. सगळी दारं एकदम उघडली तर वास मिसळतो आणि काही कळत नाही. यानंतर इंजिन सुरू करून एसी बंद, नुसता ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, चालू. पहिल्या अर्ध्या मिनिटात आंबूस झोत आला आणि नंतर विरला, तर कॉइल. ब्लोअर बंद असतानाही वास तितकाच असेल, तर कार्पेट, सीट किंवा डिकी. आतलीच हवा फिरवायचं बटण दाबल्यावर वास वाढला, तर डाव्या सीटच्या पायाशी नीट बघा, कारण बहुतेक गाड्यांत आतली हवा ओढायचं तोंड ग्लव्ह बॉक्सच्या आसपास असतं. तिथे पडलेला ओला टॉवेल अख्ख्या गाडीला वास देतो.

आता माल. ज्यावर सगळ्यात जास्त पैसे जातात आणि सगळ्यात कमी उपयोग होतो, तिथूनच सुरुवात करू.

परफ्यूम, म्हणजे एसीच्या जाळीला लावायची क्लिप, जेलचा डबा किंवा आरशाला टांगायचा कागद, साधारण १०० ते ५०० रुपयांत मिळतो. वास घालवणं हे त्याचं कामच नाही, त्यामुळे त्याला नापास करण्यातही अर्थ नाही. स्वच्छ गाडीत आवड म्हणून ठीक. पण कुबट वासावर लॅव्हेंडर चढवलं की ‘कुबट लॅव्हेंडर’ तयार होतं, आणि घाटात मागच्या सीटवरच्या मुलांना मळमळायला तेवढं पुरतं. जेलचा किंवा तेलाचा डबा डॅशबोर्डवर उन्हात पाझरला, तर खालच्या प्लास्टिकचा रंग उडतो, कधी ते चिकट होतं. कापूर त्यापेक्षा बरा, पण तोही झाकणच आणि ज्वालाग्राही. डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नये. डांबरगोळ्या मात्र गाडीत अजिबात नकोत. कपाटात त्या चालतात, पण उन्हात तापलेल्या बंद गाडीत त्यांची वाफ माणसं श्वासात घेतात.

केबिन फिल्टर

याला गॅरेजमध्ये ‘एसी फिल्टर’ म्हणतात. साधा पांढरा २५० ते ५०० रुपयांना, कोळशाचा थर असलेला करडा त्याच्या दीडपट-दुपटीला. बहुतेक गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो: दोन्ही बाजूंचे खटके आत दाबून ग्लव्ह बॉक्स खाली सोडायचा, आडवं झाकण काढायचं, फिल्टर ओढायचा. पाच मिनिटांचं काम, पण मजुरी लावली जाते. फिल्टरच्या कडेवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो गाडीतल्या बाणाशी जुळवायचा. काही जुन्या किंवा स्वस्त मॉडेलमध्ये जागा असते आणि फिल्टरच नसतो. झाकण उघडल्यावर पोकळी दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नका, एक बसवून टाका.

बदलायचा कधी? गाडीसोबतच्या पुस्तिकेत बहुधा १०,००० ते १५,००० किलोमीटर लिहिलेलं असतं. वडा-पिंपळाखाली गाडी उभी राहत असेल, तर पावसाळा संपल्यावर एकदा, किलोमीटर न बघता. फिल्टर हवेच्या दाबाने झटकून परत बसवणं ही सर्व्हिस सेंटरची आवडती काटकसर. धूळ उडते, पण ओलीचा वास कागदात मुरलेला असतो, तो तसाच राहतो.

‘कोळशाचा फिल्टर घातला तरी एसीचा वास गेला नाही’ ही तक्रार नेहमीची, आणि त्यात फिल्टरचा दोष नाही. हवा बहुतेक गाड्यांत आधी फिल्टरमधून जाते, मग कॉइलवरून. वास कॉइलवर तयार होत असेल तर फिल्टर त्याच्या अलीकडेच राहतो. कोळशाचा फिल्टर बाहेरून येणाऱ्या वासासाठी घ्यावा: ट्रकचा धूर, नाल्याकाठचा रस्ता, कचरा डेपोवरून जाणारी रोजची वाट. तिथे जादाचे पैसे वसूल होतात.

कॉइलचा फोम: या यादीतला सगळ्यात कामाचा डबा

एसी चालू असताना कूलिंग कॉइल शून्याच्या जरा वर असते. दमट हवेतलं पाणी तिच्या पातळ पत्र्यांवर साचतं, खाली ट्रेमध्ये उतरतं आणि रबरी नळीवाटे गाडीखाली ठिबकतं. गाडी बंद केली की ती ओली कॉइल बंद अंधाऱ्या पेटीत राहते. धूळ, परागकण, ओल आणि उबारा मिळाला की बुरशी आणि जिवाणूंचा चिकट थर धरतो. दुसऱ्या दिवशी बटण दाबताच ओल्या मोज्यासारखा जो भपका येतो, तो हाच.

कॉइल धुवायच्या फोमचा डबा साधारण ४०० ते ८०० रुपयांना मिळतो. घेताना एकच गोष्ट बघायची: सोबत अर्धा-पाऊण मीटर लांब पातळ नळी आहे का. नळी नसलेला डबा जाळीतून फवारायचा म्हणून विकतात. त्यातला बराचसा फेस वाटेतच, हवेच्या बोगद्यात राहतो. पद्धत अशी. गाडी सपाट जागी, इंजिन आणि ब्लोअर बंद. फिल्टर काढायचा. फिल्टरच्या जागेतून नळी कॉइलच्या दिशेने सरकवायची. काही गाड्यांत त्या वाटेत ब्लोअर मोटर येते, तिथे नळी खालून, पाणी ठिबकायच्या नळीतून वर घालावी लागते. डबा चांगला हलवून, नळी हळूहळू मागे ओढत, छोट्या हॅचबॅकला २५० ते ३०० मिली फेस सोडायचा. मग वीस ते तीस मिनिटं हात लावायचा नाही.

या वेळात डाव्या पुढच्या चाकामागे, गाडीखाली, एक जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवा. आधी पांढरा फेस येतो, मग चहाच्या गाळासारखं पाणी, त्यात काळे तंतू आणि कधी झाडाच्या पानाचा कुजलेला तुकडा. पाणी जितकं मळकं, तितका पैसा सत्कारणी. स्वच्छ फेसच आला, तर एकतर वास दुसरीकडचा आहे किंवा फेस कॉइलपर्यंत पोचलाच नाही. काहीच आलं नाही, तर पाणी ठिबकायची नळी तुंबली आहे आणि हा धोक्याचा इशारा आहे: फेस आणि पाणी उलटं आतल्या कार्पेटवर येणार. तुंबलेली नळी खालून हलक्या हवेने मोकळी करायची, जाड तार खुपसायची नाही, आणि तोंड नळीखाली ठेवायचं नाही. नळी वाहती आहे की नाही हे आधी तपासणंच बरं. जुलैतल्या मुंबईच्या हवेत दहा मिनिटं एसी चालवल्यावर गाडीखाली थारोळं दिसलंच पाहिजे.

फेस निथळला की फिल्टर न लावता, काचा उघड्या ठेवून ब्लोअर पूर्ण, हीटर पूर्ण, दहा ते पंधरा मिनिटं. कॉइल वाळली की नवा फिल्टर. जुनाच परत लावलात तर निम्मी मेहनत वाया.

यात बिघडतं ते दोन ठिकाणी. फेस ब्लोअरच्या मोटरवर किंवा तिची गती ठरवणाऱ्या रेझिस्टरवर गेला की पंखा बंद पडतो किंवा एकाच गतीवर फिरतो. दुसरं, घरच्या स्प्लिट एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी मिळणारं आम्लयुक्त कॉइल क्लीनर स्वस्त म्हणून गाडीत वापरणं. अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे त्याने खाल्ले जातात, वाफ केबिनमध्ये येते, आणि कॉइल गळू लागली की डॅशबोर्ड उतरवायचं काम निघतं. त्या बिलात फोमचे पंधरा-वीस डबे सहज येतील.

या डब्याचा धाकटा भाऊ म्हणजे धुकं सोडणारा ‘बॉम्ब’: बटण दाबून डाव्या सीटच्या पायाशी ठेवायचा, एसी पूर्ण गतीवर आतल्या हवेवर, दारं बंद, दहा मिनिटांनी गाडी मोकळी करायची. सोपा आहे आणि फोमनंतर राहिलेल्या हलक्या वासाला चालतो. पण धुकं थर धुऊन काढत नाही, वरवर बसतं. नुसता बॉम्ब वापरला तर तीन-चार आठवड्यांत वास परत हजर.

एक फुकटचा उपाय मात्र दोघांपेक्षा भारी आहे. मुक्कामाच्या तीन ते पाच मिनिटं आधी एसीचं बटण बंद, ब्लोअर चालू, बाहेरची हवा आत. कॉइल बऱ्यापैकी वाळून गाडी बंद होते. दमट शहरात हे रोज करणाऱ्याला फोम वर्षातून एकदा पुरतो.

सांडलेलं: इथे स्वयंपाकघराचं डोकं चालवायचं

खायचा सोडा सगळ्या वासांवर चालतो, असं म्हणणारे खूप. निम्मंच खरं. सोडा अल्कधर्मी आहे, त्यामुळे आंबट वासांवर चालतो: नासलेलं दूध, ताक, उलटी, घाम. मासळीचा वास ज्या द्रव्याचा असतो ते स्वतःच अल्कधर्मी, तिथे सोडा काय करणार? मासे साफ करून झाल्यावर हाताला सोडा नाही, लिंबू चोळतात. कालवणात कोकम किंवा चिंच पडते त्यात चवीइतकाच वासाचाही हिशेब आहे. गाडीतही तेच: बाजारातून येताना पिशवी गळली असेल तर एक भाग पांढरा व्हिनेगर, तीन भाग पाणी, आधी सीटच्या मागे न दिसणाऱ्या जागी रंग तपासून, मग डागावर फवारा, पंधरा मिनिटांनी टिपून घ्या, पुन्हा एकदा. व्हिनेगरचा स्वतःचा वास दारं उघडी ठेवली की दिवसाभरात उडतो. कोकम मात्र कालवणातच बरं, सीटवर रंग धरेल.

सोडा वापरायचा तर कोरड्या जागेवर, एका सीटला दीडशे-दोनशे ग्रॅम, ब्रशने हलकासा आत ढकलून रात्रभर, सकाळी व्हॅक्यूम. ओल्या कार्पेटवर टाकला तर लगदा होतो, वाळून दगड होतो, आणि सीट सरकवायच्या रुळात गेला की कुरकुर सुरू. धुण्याचा सोडा नाही, खायचाच.

दूध हे गाडीतलं सगळ्यात चिवट प्रकरण आहे. लोक पहिली चूक गरम पाण्याची करतात. उष्णतेने दुधातली प्रथिनं धाग्यातच घट्ट बसतात. ‘स्टीम वॉश’ करून आणलेल्या गाडीला आठवड्याने पुन्हा वास येतो तो यामुळे. गार पाण्याने भिजवून टिपायचं, भिजवून टिपायचं, घासायचं नाही. मग एन्झाइमयुक्त (प्रथिनं मोडणारी द्रव्यं असलेला) क्लीनर, जो पाळीव प्राण्यांच्या दुकानात मूत्राच्या डागांसाठी मिळतो. अर्धा लिटर साधारण ३०० ते ७०० रुपये. यावर आमचा शेरा: उत्तम, पण जवळजवळ सगळे चुकीच्या मापाने वापरतात. दोन फवारे मारून फडक्याने पुसलं की तो वरच्या कापडापुरताच. अर्धा लिटर दूध सीटच्या फोममध्ये उतरलं असेल, तर निदान तेवढंच द्रावण त्याच वाटेने उतरलं पाहिजे. वरून प्लास्टिक टाकून आठ ते बारा तास ओलं ठेवायचं, कारण वाळलं की एन्झाइमचं काम थांबतं. शेवटी पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने शोषून उन्हात कडक वाळवायचं. त्याआधी फिनाइल, डेटॉल किंवा ब्लीच ओतलं असेल तर ते धुऊन काढल्याशिवाय हा क्लीनर लागू पडत नाही.

कोळशाच्या पिशव्या दोनशे ग्रॅमच्या जोडीने मिळतात. मूळ कारण काढल्यावर राहिलेल्या मंद वासाला बऱ्या, जोरदार वासाला अपुऱ्या. उन्हात वाळवल्या की त्यातली ओल जाते; ‘उन्हात ठेवा, दोन वर्षं नव्यासारखी’ या दाव्यावर फार विसंबू नये. शेगडीचा कोळसा कापडात बांधून ठेवणं हा पर्याय नाही, तो वास शोषण्यासाठी सक्रिय केलेला नसतो.

सेवा: इंटिरियर क्लीनिंग आणि ओझोन

इंटिरियर क्लीनिंगचे दर शहराप्रमाणे आणि गाडीप्रमाणे साधारण १,२०० ते ३,५०० रुपये. वासासाठी गाडी देत असाल तर दर विचारायच्या आधी हे विचारा: ‘सीटा काढून कार्पेट उचलणार का?’ उत्तर ‘गरज नाही’ असेल तर पुढे जाऊ नका. कार्पेटखाली बोटभर जाडीचा फोम किंवा नमदा असतो, तो काही लिटर पाणी सहज धरून ठेवतो. वरची लव कोरडी लागते, म्हणून हात फिरवून पाहणाऱ्याला कळत नाही. दाराच्या उंबऱ्याची पट्टी वर ओढून कार्पेटच्या कडेखाली अंगठा दाबा; नखाशी पाणी वर आलं, तर शाम्पू-पॉलिशचं कुठलंही पॅकेज निरुपयोगी आहे, उलट ते ओल वाढवेल.

चांगलं केंद्र पुढच्या सीटांचे चार-चार बोल्ट काढतं, कार्पेट उचलून खाली ठोकळे लावतं आणि पंख्याच्या झोतात चोवीस ते अठ्ठेचाळीस तास वाळवतं. सीटखाली पिवळा कनेक्टर असेल तर तो एअरबॅगचा किंवा अपघातात सीटबेल्ट आवळणाऱ्या टेन्शनरचा. बॅटरी सोडवून पुस्तिकेत दिलेला वेळ थांबल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. हे ज्याला सांगावं लागतं, त्याच्याकडे गाडी देऊ नये. छताच्या कापडाबाबतही तेच: ते पातळ फोमवर गोंदाने चिकटवलेलं असतं, भिजवून घासलं की लोंबायला लागतं. सिगारेटची गाडी असेल तर छत ओलसर मायक्रोफायबरने टिपायचं आणि काचा आतून दोनदा पुसायच्या. पहिल्या फडक्यावरचा पिवळा थर बघून मालकच सिगारेट सोडेल.

ओल काढली, पण पाणी आलं कुठून हे न शोधता गाडी परत देणारी केंद्रंही भरपूर. पुढच्या डाव्या पायाशी स्वच्छ, बिनवासाचं पाणी म्हणजे एसीची नळी. पावसानंतर दोन्ही बाजूंना पाणी म्हणजे वायपरखालच्या जाळीत पानं अडकलेली. स्पीकर बदलल्यानंतर दारातून पाणी येऊ लागलं, तर दाराच्या आतलं प्लास्टिक फाडून तसंच सोडलेलं असणार. डिकीत स्टेपनीच्या खळग्यात पाणी म्हणजे टेललॅम्पचं किंवा डिकीच्या दाराचं रबर. सनरूफ असेल तर तिच्या चार कोपऱ्यांतल्या नळ्या.

ओझोन ट्रीटमेंट, म्हणजे मशीनने गाडीत ओझोन वायू सोडणं, ५०० ते १,५०० रुपयांना, ‘शंभर टक्के वासमुक्त’ अशा पाटीसह. ओझोन वासाची द्रव्यं खरंच मोडतो. सिगारेटचा मुरलेला वास किंवा सफाईनंतरचा अवशेष यावर चांगला चालतो. ओल्या फोमवर किंवा कुजलेल्या दुधावर चालत नाही, कारण द्रव्य पुन्हा तयार होतच राहतं. गाडीत माणूस, कुत्रा, कुंडी काही नको. वीस ते चाळीस मिनिटं ब्लोअर आतल्या हवेवर, आणि नंतर किमान तासभर सगळी दारं सताड उघडी. ओझोन फुप्फुसाला झोंबतो, दम्याच्या माणसाला त्या दिवशी गाडीत बसवू नये. मशीन तासन्‌तास किंवा वारंवार लावलं तर रबर चिरतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: सफाई, वाळवण, मग ओझोन. पहिल्या दोन पायऱ्या गाळून फक्त तिसरी विकणाऱ्याला नकार द्यावा.

ज्या वासावर काहीच विकत घेऊ नये

ब्लोअर लावला की कुजका, डोकं उठवणारा वास आणि हवा कमी येत असेल, तर मेलेला उंदीर. फिल्टरच्या पेटीत कापसाचं घरटं सापडतं. हातमोजे आणि मास्क घालून, आधी जंतुनाशकाने भिजवून मगच उचला; कोरडं झटकू नका, उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो.

गोडसर वास, काचेवर आतून तेलकट धुकं आणि पायाशी चिकट ओल म्हणजे हीटरच्या कोअरमधून, म्हणजे डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, कूलंट गळतंय. ते विषारी आहे, गॅरेज गाठा. पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवायचीच नाही. सीएनजीचा वास त्यात मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो, गळती कळावी म्हणूनच: गाडी मोकळ्यावर उभी करून इंजिन बंद, दारं-डिकी उघडी, सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद, आणि कुठल्याही दिव्याचं बटण दाबायचं नाही. सडक्या अंड्याचा वास बॅटरी जादा चार्ज होत असल्याचा किंवा सायलेन्सरकडच्या, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा.

जुनी गाडी बघायला गेल्यावर ती परफ्यूमने घमघमत असेल, तर शंका घ्या. मुंबईत २६ जुलै २००५, कोल्हापूर-सांगलीत २०१९, चिपळुणात २०२१. प्रत्येक महापुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून लांबच्या गावात विकायला जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि तळाशी गाळाची रेघ दिसते का बघा. बेल्ट धुतात तेही वरचा हातभर. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खळग्यात बारीक माती आहे का हे पाहा. मग काचा लावून हीटर पूर्ण गतीवर दहा मिनिटं चालवा. परफ्यूमखालून कुबट वास वर आला, की किल्ली परत द्या.